तासाचा दर वाढवून घेऊन विमा सोडावा का?

प्रश्न (ऐरोली): महापे येथील आमच्या कंपनीने कायम नोकरीऐवजी तासावर कंत्राट देऊ केले असून दर ३५० वरून ४५० रुपये होईल, परंतु गट आरोग्य विमा, भविष्य निर्वाह निधी व भरपगारी रजा बंद होतील. मधुमेह असलेली आई याच विम्यात आहे. काय करावे?

उत्तर (वाशी): आधी आईचा विचार करा. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गट विम्यात बहुधा तशी अट नसते. राजीनाम्यापूर्वीच त्या विमा कंपनीकडे पॉलिसी वैयक्तिक करून मिळण्याबाबत लेखी विचारणा करा.

उत्तर (ठाणे): निधीतील मालकाचा १२ टक्के वाटाही हिशेबात धरा. मी असे काम केले आहे. गणपतीचे पाच दिवस बिनपगारी गेले, तेव्हा वाढीव दर किती तोकडा आहे, हे वहीत आकडे मांडल्यावर समजले.