सोयाबीननंतर बिननांगरणीचा हरभरा: 24 एचपीला परवडेल असं पेरणी यंत्र कोणतं?

वैरागचं_रान

राम राम मंडळी. वैरागजवळ सहा एकर रान आहे, चार एकर काळं, बाकी मुरमाड. खरिपात सोयाबीन, रब्बीला हरभरा, कडब्यापुरती ज्वारी. ट्रॅक्टर 24 एचपीचा.

गेल्या वर्षी सोयाबीन काढलं तेव्हा रानात चांगली ओल होती. रोटाव्हेटर मारला आणि भाड्याच्या पाभरीची (पेरणीच्या अवजाराची) वाट बघत चार दिवस गेले. ऊन कडक. पेरल्यावर आठ दिवसांनी पेरणीची ओळ उकरली तर दाणा टाकला तसाच, फुगलेलासुद्धा नाही, आणि त्याच्याखाली दोन बोटांवर माती गार लागत होती. निम्मं रान उगवलंच नाही. वडील एवढंच म्हणाले, "ओल आपणच उडवली." ते मनाला लागलं.

यंदा सोयाबीन निघालं की त्याच रानात थेट पेरायचं ठरवलंय. चाळीस हजारांच्या आत काय बसेल? एक विक्रेता डिस्कचंच, म्हणजे फणाऐवजी गोल थाळीनं चीर पाडणारं, घ्या म्हणतो, ते माझ्या आवाक्यात नाही. झिरो टिल ड्रिल (न नांगरलेल्या रानात थेट पेरणारं यंत्र) माझ्या मिनी ट्रॅक्टरला झेपतं का? की घरच्या जुन्या पाच फणी पाभरीलाच काही करता येईल?

बार्शी_कडचा

दादा, नवीन घेणार असाल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, आधी अर्ज टाका. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना 50 टक्के अनुदान, बाकीच्यांना 40 टक्के, वर कमाल मर्यादा असते. पूर्वसंमती हातात येण्याआधी पावती फाडू नका. आमच्या भावकीत एकाने आधी यंत्र आणलं आणि अनुदान हुकलं.

मोहोळचे_आबा

बाळा, सात रब्बी झाले मी बिननांगरणीचा हरभरा करतोय. डिस्कचा नाद सोड. डिस्क लागते ती रानात जाड काड पडलेलं असतं तिथं. आपल्याकडं सोयाबीनचा पाला काढणीआधीच गळतो, काड मळणीला जातं, मागं राहतात बोटभर खुंट. त्यातून फण आरामात जातो. शिवाय डिस्क जमिनीत घुसायला यंत्राला वजन लागतं, ते वजन तुझा मिनी उचलणार नाही.

झिरो टिल ड्रिल हे मुळात भातानंतर गहू पेरायला पंतनगरच्या विद्यापीठात तयार झालं. त्यामुळं बाजारात मिळतं ते बहुतेक 9 किंवा 11 फणी, ओळी 20 सेंमीच्या आसपास, आणि ट्रॅक्टर 35 एचपीच्या वरचा. तुला पाच फणी पुरे, ओळी 30 सेंमीवर. फण धरणारे क्लॅम्प सरकवता येतात का ते घेण्याआधी स्वतः पान्हा लावून बघ.

पाभरीचं म्हणशील तर मी तेच केलं. खरा फरक फणात आहे. आपला नेहमीचा फण रुंद, तो माती उलथतो आणि ओल वर येते. झिरो टिलचा फण उलट्या टी आकाराचा: वर चीर बारीक, खाली जागा रुंद. दाणा खालच्या ओलीत बसतो, वरची माती जागची हलत नाही. तयार पाती मिळतात, वेल्डिंगवाल्याकडून जुन्या फणाच्या जागी बसवून घेतली. टोक पहिल्याच वर्षी झिजलं, मग त्यावर कडक धातूचा थर मारून घेतला.

पण आधी सांगाडा बघ. न नांगरलेलं रान फणाला जोरात ओढतं. माझ्या पाभरीचा मागचा दांडा दुसऱ्याच दिवशी वाकला, तो बदलून जाड चौकोनी पाइप टाकावा लागला. सगळे फण एका दांड्यावर असतील तर दोन पुढं, तीन मागं असे कर आणि मध्ये हात-दीड हात अंतर ठेव, नाहीतर खुंट अडकून ढीग ओढत नेशील. पैसे सांगाड्यावर आणि बी सोडणाऱ्या पेटीवर घाल, रंगावर नको.

आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघ! काळ्या रानात ओल जास्त असताना पेरलंस तर चिरेच्या दोन्ही कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, चीर उघडीच राहते, दाणा वरून दिसतो. मूठभर माती दाबून सोड. फुटली तर पेर, गोळा राहिला तर एक दिवस थांब. मागं हलकी साखळी किंवा फळी ओढायला विसरू नकोस.

मंगळवेढा_ज्वारी

आबांचं हरभऱ्यापुरतं पटतं. पण ज्वारीला घाई करू नका. आमच्या काळ्या रानाला रब्बीत भेगा पडतात आणि त्यातून ओल उडते. म्हणून राहुरी विद्यापीठाची कोळपणीची (ओळींमधली माती वरवर हलवून भेगा बुजवण्याची) शिफारस आहे: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी. नांगरणी बंद केली म्हणून कोळपणी बंद केली तर मालदांडी ज्वारीचं कणीस पोसायचं नाही. आणि ज्या तुकड्यात हरळी-लव्हाळा आहे तिथं थेट पेरणी करूच नका, मी एका वर्षी केली आणि पुढची दोन वर्षं खुरपत बसलो.

वैरागचं_रान

आबा, मनापासून आभार. पाभरच बदलतोय, वेल्डिंगवाल्याशी बोललो. हरळीचा एक एकर वगळला. ज्वारीला कोळपणी करणारच. आता बी किती पडतं ते कसं मोजू? मागच्या वेळी एकरी किती पडलं तेच कळलं नव्हतं.

मोहोळचे_आबा

यंत्र उचलून धर, चाकाला खडूची खूण कर, नळ्यांना पिशव्या बांध, चाक 20 वेळा फिरव. तुझ्या चाकाचा घेर 1.25 मीटर असेल तर ते 25 मीटर चाललं. पाच ओळी 30 सेंमीच्या म्हणजे रुंदी दीड मीटर, क्षेत्र साडेसदतीस चौरस मीटर. हरभऱ्याच्या विजय वाणाचं बी एकरी 28 किलो धरलं तर सगळ्या पिशव्यांत मिळून 260 ग्रॅम यायला पाहिजे, एका नळीला 52. प्रत्येक पिशवी वेगळी तोल, एकूण बघून भागत नाही. दिग्विजयसारखा टपोरा वाण असेल तर एकरी 40 किलोनं हिशेब मांड. रायझोबियम (जिवाणू खत) लावलेलं बी सावलीत सुकवूनच पेटीत टाक, ओलं बी पेटीतल्या बी सोडणाऱ्या रोलरला चिकटतं.

वैरागचं_रान

आज अंगणात मोजलं. घेर बरोबर 1.25 भरला. एकूण आलं 310 ग्रॅम, आणि चौथ्या नळीत फक्त 38. नळी उतरवली तर रबर आतून दुमडलेलं. म्हणजे घरच्या पाभरीनं पेरलं की दर पाच ओळींत एक ओळ विरळ व्हायची ती यामुळं, आणि आम्ही बियाण्याला दोष देत बसलो होतो. नळी बदलली, रोलर कमी केला, तिसऱ्या वेळी 262 आलं. वडिलांनी स्वतः तराजू धरला होता. पेटी आता तशीच ठेवलीय, सोयाबीनच्या शेंगा वाळल्यात, परवा काढणी.