सोयाबीनचा भाव युद्धाने ठरवला की दिल्लीने?

मांजराकाठ (लातूर):
२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, ओडेसाचे बंदर बंद पडले आणि आपल्या मोंढ्यात सोयाबीन क्विंटलला सात हजार रुपयांच्या पुढे गेले. जगातील सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत युक्रेनचा वाटा जवळपास निम्मा होता आणि आपल्याकडे येणारे बहुतेक सूर्यफूल तेल तेथूनच येत असे. ते अडकल्यावर सारा भार सोयातेलावर आणि पामतेलावर आला, त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली. एकेकाळी ज्या मराठवाड्यात करडई आणि सूर्यफूल शिवारभर असे, त्याने फोडणीच्या तेलासाठी काळ्या समुद्राकडे पाहावे आणि वर युद्ध दूर आहे म्हणावे, हे मला पटत नाही.

औशाचा शेतकरी:
घटनाक्रम खरा, निष्कर्ष अमान्य. युद्धाचे नावही नव्हते तेव्हा, ऑगस्ट २०२१ मध्ये, याच मोंढ्यात सोयाबीन नऊ हजारांच्या पुढे विकले होते. मग तेल काढल्यावर उरणारी सोयाबीनची पेंड १२ लाख टन आयात करण्यास परवानगी मिळाली आणि आमचा नवा माल येईपर्यंत भाव कोसळला. २४ मे २०२२ रोजी केंद्राने कच्चे सोयातेल आणि सूर्यफूल तेल वर्षाला प्रत्येकी २० लाख टन, तेही दोन वर्षे, शुल्काविना आणू दिले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना आम्ही त्याखाली माल घातला. युद्ध तर तेव्हाही चालूच होते.

मांजराकाठ (लातूर):
ते शुल्क माफ झाले, ते तेल भडकले म्हणूनच ना? जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला करार होऊन युक्रेनची जहाजे पुन्हा निघाली, पुढे रशियाही आपला मोठा पुरवठादार झाला, ब्राझीलला विक्रमी पीक आले. भाव पडण्याची कारणेही बाहेरचीच आहेत.

तेलगिरणीवाला (धाराशिव):
आपण दोघेही तेलावरच भांडत आहात. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते साधारण १८ किलो. उरते ती बहुतांश पेंड, आणि ती खपली तरच आम्हाला सोयाबीनला भाव देता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लागले तेव्हा किराणा दुकानात तेलाचा डबा लगेच महागला, सोयाबीन मात्र हमीभावाला पोचले नाही, कारण मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा पेंडेऐवजी कोंबडीखाद्यात शिरला होता आणि परदेशात अर्जेंटिनाच्या पेंडेपुढे आपली पेंड महाग पडत होती. युद्धाने आमचे नुकसान केले ते वेगळ्याच प्रकारे: चढ्या भावाने भरलेला माल गाळून होईपर्यंत तेल उतरले. तेव्हापासून पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा मी ठेवत नाही.

औशाचा शेतकरी:
म्हणजे आपल्या गोदामातली जोखीम आमच्या पत्र्याच्या खोलीत आली. तिथे गेल्या हंगामाची चाळीस पोती अजून पडून आहेत.