शब्दचर्चा: 'ल्युसिड ड्रीम'ला मराठीत काय म्हणावं?

गंगावेशकर
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या वाचनगटासाठी 'ल्युसिड ड्रीम'वर दोन पानी टिपण करायलोय. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं, एवढाच अर्थ. 'सुस्पष्ट स्वप्न', 'जागृत स्वप्न' आणि 'सजग स्वप्न' हे तीन पर्याय मिळाले. यातला कुठला घ्यावा? आणि 'रिॲलिटी चेक', 'फॉल्स अवेकनिंग' यांचं काय करायचं?

शब्दपारखी
'सुस्पष्ट' आधी बाद करा. रंगीत, लखलखीत स्वप्नातही माणूस ठार बेभान असतो, आणि धूसर, मोडक्यातोडक्या स्वप्नातही 'अरे, हे स्वप्न आहे' हे कळू शकतं. घोटाळा कोशातला 'स्वच्छ, स्पष्ट' हा अर्थ उचलल्यामुळे होतो. डच लेखक आणि मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ च्या निबंधात हा शब्द वापरला आणि तो रुळला. जुन्या वैद्यकात भ्रमिष्ट रुग्ण मधेच समजुतीवर येई, त्या काळालाही 'ल्युसिड'च म्हणत. आपल्याला हवा तो अर्थ याच्या जवळचा आहे.

'जागृत स्वप्न' म्हटलं की दहातले नऊ जण दिवास्वप्न समजतील. शिवाय माणूस जागा नसतोच. इंग्लंडच्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये हेच नोंदवलं: झोपलेल्या माणसाने ठरलेल्या खुणेप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले, आणि झोप नोंदवणाऱ्या यंत्रावर झोप कायम होती. स्वप्नाच्या झोपेत हातापायांचे स्नायू सैल पडतात, डोळ्यांचे पडत नाहीत, म्हणून खूण डोळ्यांची. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

'सजग' चालेल, पण वर्तमानपत्रांनी त्याला 'सजग नागरिक' करून टाकलंय.

मोडीवाचक
पतंजलींच्या योगसूत्रांत 'स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा' हे सूत्र आहे की, समाधिपादात! 'योगनिद्रा' का नको?

शब्दपारखी
त्या सूत्रात स्वप्नातलं किंवा झोपेतलं ज्ञान चित्त स्थिर करायला आधार म्हणून घ्या, असं म्हटलंय. स्वप्नात असताना स्वप्न ओळखा, असं नाही. योगनिद्रेत तर सूचना ऐकत, झोप न लागू देता पडून राहायचं असतं. शब्द देखणे आहेत म्हणून दुसऱ्याच्या घरातनं उचलू नयेत.

रात्रीचा_अभ्यास
माझं मत 'भानाचं स्वप्न', किंवा नामाची गरज नसेल तिथे सरळ 'स्वप्नात भान येणं'. कारण 'भान'बरोबर क्रियापदं फुकट मिळतात आणि ती या विद्येच्या पायऱ्यांवर चपखल बसतात: भान येणं, भान राहणं, भान सुटणं. 'स्वप्नावर ताबा' हा शब्दप्रयोग मात्र व्याख्येत घालू नका. भान आणि ताबा वेगळे. भान आल्याबरोबर उडायला, हवा तो माणूस समोर आणायला जातात. उत्तेजना वाढते आणि पाच-दहा सेकंदांत जाग येते. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त इथंच फसतं.

'रिॲलिटी चेक'ला, म्हणजे आपण जागे की स्वप्नात हे तपासण्याला, 'खातरजमा' हा तयार शब्द आहे. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. आत गेला तर स्वप्न. किंवा अक्षरं दोनदा वाचायची: केएमटीच्या (शहर बससेवेच्या) बसवरची पाटी वाचा, नजर हटवा, परत वाचा. स्वप्नात बिंदू चौकाचं दुसऱ्यांदा भलतंच काहीतरी होतं. दिवसातून आठ-दहा वेळा पुरे, पण दर वेळी 'इथं मी कसा आलो?' हे खरंच आठवायचं. नुसती सवय म्हणून नाक दाबलं तर स्वप्नातही नुसतं दाबलं जातं. श्वास आत जातो आणि गडी 'बरं' म्हणून पुढं चालू लागतो.

'फॉल्स अवेकनिंग' म्हणजे 'खोटी जाग'. उठलो, दात घासले, चहा टाकला, आणि ते सगळं स्वप्नातच. त्यासाठी नियम एकच, रोज जाग आली की पहिली खातरजमा अंथरुणातच.

गंगावेशकर
'खातरजमा' लई भारी! पण भान येण्याची पद्धत कशी लिहू? आणि ते टिकवायचं कसं?

रात्रीचा_अभ्यास
आधी स्वप्नवही. जाग आली की कूस न बदलता, डोळे न उघडता पडून राहायचं, शेवटचा प्रसंग धरून मागे मागे जायचं, मग लिहायचं. मोबाइल आधी हातात घेतला की गेलं. वहीत वरचेवर येणाऱ्या गोष्टी सापडतात (जुनी शाळा, सुटलेली बस, बंद न होणारा दिवा), त्यांना 'स्वप्नखुणा' म्हणा.

मग वेळ. स्वप्नाच्या झोपेचा फेरा साधारण दर ९० मिनिटांनी येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. म्हणून साडेदहाला झोपलात तर साडेतीनचा गजर. उठून १५ ते ३० मिनिटं मंद उजेडात बसा, वही चाळा. परत आडवं होताना नुकतंच पडलेलं स्वप्न डोळ्यांपुढं आणा, त्यातली खूण ओळखल्याची कल्पना करा आणि मनात म्हणा, 'पुढच्या वेळी स्वप्न पडताना हे स्वप्न आहे हे आठवेन.' ही लाबर्ज यांची पद्धत. वाक्य आपल्या बोलीत ठेवा: 'आता स्वप्न पडायलंय, हे मला आठवणार.' पुस्तकी वाक्य झोपेत कुणाला आठवत नाही. फार वेळ जागलात तर झोपच येत नाही, लगेच आडवे झालात तर वाक्य पुरं व्हायच्या आत घोरता. मधलं माप ज्याचं त्याने काढावं.

टिकवण्याबद्दल. स्वप्न 'मोडतं' आणि 'विरतं' यात फरक करा. मोडतं ते गजराने, आवाजाने. त्याला इलाज नाही. विरतं तेव्हा आधी दृश्य फिकं पडतं, स्पर्श मागे उरतो. म्हणून स्पर्श धरायचा: स्वप्नातले तळहात एकमेकांवर घासायचे, भिंत चाचपायची. किंवा जागच्या जागी गरगर फिरायचं. लक्ष स्वप्नातल्या शरीरात गुंतलं की अंथरुणातल्या शरीराकडे जात नाही, असं याचं स्पष्टीकरण देतात. गिरकीनंतर देखावा बदलतो आणि बरेचदा खोटी जाग येते, तेव्हा परत खातरजमा. एकाच वस्तूकडे टक लावू नका, चित्र विरघळतं. नजर फिरती ठेवा. आणि दर थोड्या वेळाने 'हे स्वप्न आहे' असं मोठ्याने म्हणा, नाहीतर स्वप्न राहतं आणि भान सुटतं.

लालमाती
तालमीत पहाटे चारला उठणाऱ्यांनी काय करायचं?

रात्रीचा_अभ्यास
त्यांचा शेवटचा, सगळ्यात लांब फेराच कापला जातो. पण मेहनत, आंघोळ, खुराक झाल्यावर सकाळी आठ-नऊला तासा-दीड तासाची झोप काढत असतील तर ती स्वप्नांनी भरलेली असते. वाक्य तेव्हा म्हणायचं.

शब्दपारखी
टिपणात दोन सूचना हव्यातच. मधे उठण्याचा प्रयोग आठवड्यातून एक-दोनदाच, कारण झोप तुटली की दिवस सुस्त जातो आणि स्वप्नंही आठवत नाहीत. भास होण्याचा किंवा उन्मादाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये. मधे उठल्यावर कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. स्नायूंचा सैलपणा जाग आल्यावरही थोडा उरतो, त्याचा हा प्रकार. घाबरून धडपडू नये. श्वास संथ ठेवून बोटं, पावलं हलवायचा प्रयत्न करावा. भूतबाधा म्हणून लिंबू उतरवायला जाऊ नये.

मोडीवाचक
मग क्रियापद कुठलं? 'भानाचं स्वप्न पडलं' की 'पाहिलं'?

शब्दपारखी
'पडलं'. 'पाहिलं' म्हटलं की घर-गाडीचं स्वप्न वाटतं. स्वप्न पडतं, भान येतं. 'मला स्वप्नात भान आलं' असंच लिहा. मथळ्यात मूळ शब्द एकदा देवनागरीत द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.