टॅटूने काय होतं?

कार्निव्हलमधले छेडछाडीविरुद्धचे टॅटू, रिबिनी म्हणजे नुसता दिखावा, जिच्यावर अत्याचार झालाय तिला त्याचा काय उपयोग, असं काहीजण म्हणतात ते मला अजिबात पटलं नाही. ब्राझीलचंच बघा ना, रिओत 2017 च्या कार्निव्हलला काही बायकांनी वर्गणी काढून 'नाही म्हणजे नाही' असे तात्पुरते टॅटू छापले आणि फुकट वाटले, अंगाला रंग-ग्लिटर लावणं तिथे असतंच त्यामुळे टॅटूही त्यात सहज मिसळून गेला. जिला पूर्वी गर्दीत कोणी ओढलंय, जबरदस्तीने किस केलंय, तिला आजूबाजूच्या दहाजणींच्या दंडावर तेच शब्द दिसले की मदत कोणाकडे मागायची ते तरी कळतं, आणि हे मला फार मोठं वाटतं.

ब्राझीलमध्ये कायदाही आलाच की. सप्टेंबर 2018 पासून असल्या जबरदस्तीच्या प्रकाराला 1 ते 5 वर्षं कैद, आणि डिसेंबर 2023 च्या कायद्याने बार, नाइटक्लबवाल्यांवर त्रास झालेल्या बाईला मदत करायची जबाबदारी टाकली.

फक्त टॅटू वाटणाऱ्यांना एवढं शिकवाच, कोणी येऊन काही सांगितलं तर आधी शांतपणे ऐकून घ्या, 'तू तिथे गेलीसच कशाला' हे चुकूनही विचारू नका.