प्रतिसाद: मॉडेल रेल्वेसाठी एन की एचओ?
एचओ आणि एन ही मॉडेल रेल्वेची दोन मापं. 'जागा कमी असेल तर सरळ एन घ्या' हा सल्ला अर्धाच पटतो. एचओच्या रुळांतलं अंतर १६.५ मिमी, एनचं ९ मिमी; जागा वाचते खरी, पण एनचं इंजिन हलकं असल्याने रुळावर जरा मळ साचला की रुळातून मिळणारी वीज तुटते आणि गाडी अडते. त्यातून चारचाकी छोटं इंजिन असेल तर टर्नआउटच्या (जिथे रूळ दोन दिशांना फुटतात त्या जागेच्या) प्लास्टिकच्या तुकड्यावर हमखास थांबतं. सेट निवडताना आठही चाकांतून वीज घेणारं इंजिन बघा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा. पॉलिशपेपर अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

आणि हो, डबे लांब असतील तर वळणाची त्रिज्या आधी तपासा. खोक्यावरचं चित्र बघून काही कळत नाही.