मदत हवी आहे: लेथला रोबोट लावायचाय, यूआर घेऊ की फानुक?

भोसरी_टर्निंग: भोसरी एमआयडीसीत छोटं शॉप आहे आमचं, दोन सीएनसी लेथ समोरासमोर, रात्रपाळीला माणूस टिकत नाही म्हणून लोडिंगला, म्हणजे लेथमध्ये जॉब (घडवायचा तुकडा) घालायला-काढायला, रोबोट लावायचाय. यूआर१०ई आणि फानुक एम-१०आयडी/१२, दोन्हीची कोटेशनं हातात आहेत, शुक्रवारी ऑर्डर टाकायचीये. कुठला घेऊ? लवकर सांगा प्लीज.

गेजवाला: जॉबचं वजन?

भोसरी_टर्निंग: ४ किलो, फोर्जिंगचा फ्लँज. यूआर १२.५ उचलतो, फानुक १२. वजनाचा प्रश्नच नाही.

गेजवाला: आहे ना! ग्रिपर (रोबोटचा पंजा) डबल का सिंगल? डबल असेल तर तयार जॉब काढला की एका वेळी दोन हातात, म्हणजे ८ किलो, त्यावर ग्रिपर आणि ब्रॅकेट.

भोसरी_टर्निंग: डबल. आत्ता फोन करून विचारलं, ब्रॅकेटसकट ५.२ किलो म्हणाला. म्हणजे १३.२?? दोन्ही गेले का?

चाकण_असेंब्ली: कोबॉटच घ्या डोळे झाकून, म्हणजे यूआर, माणसाशेजारी चालणारा रोबोट. आमच्याकडे असेंब्लीला यूआर आहे, आयटीआयची मुलगी दोन दिवसांत प्रोग्रॅम करायला शिकली, फेन्सचाही (सुरक्षा कुंपणाचा) खर्च नाही.

गेजवाला: फेन्स नको हे सरसकट सांगू नका हो. रोबोट कोबॉट असला तरी हातातला जॉब धारदार कडेचाच असतो, रिस्क असेसमेंट करावीच लागते. आणि माणसाशेजारी चालवायचा म्हणजे स्पीड कमी करावा लागतो.

मिगवाला: आम्ही वेल्डिंगला यास्कावा घेतला, वायर आतूनच जाते, केबल कुठे अडकत नाही. खूप खूश आहोत.

भोसरी_टर्निंग: दादा, माझं वेल्डिंग नाहीये.

नाईटशिफ्ट: सायकल टाइम किती ते कुणी विचारलंच नाही.

भोसरी_टर्निंग: ३ मिनिटं ४० सेकंद.

नाईटशिफ्ट: मग सिंगल ग्रिपर लावा, जॉब बदलायला थोडे सेकंद जास्त जातील एवढंच, वजन निम्म्यावर येईल. आता माझं ऐका. ऑपरेटर जॉब काढल्यावर हुकने चकातली (जॉब पकडणाऱ्या भागातली) लांब चिप, म्हणजे धातूचा कीस, ओढतो, एअर गन मारतो, नवा जॉब हाताने दाबून टेकला का बघतो, मगच पेडल दाबतो. रोबोटला यातलं काही कळत नाही. आमच्याकडे चकाचा जॉ (पकडीचा दात) आणि जॉबच्या मध्ये चिप राहिली, सकाळी येऊन बघतो तर ६० जॉब फेस आऊट, म्हणजे तोंड तिरपं कापलेलं. तेव्हा एअर ब्लो आणि जॉब टेकल्याचा सेन्सर आधी, ब्रँड नंतर. दरवाजा ऑटो आहे का?

भोसरी_टर्निंग: नाही, हाताने उघडतो.

गेजवाला: मग दाराचा सिलिंडर आणि एम कोडचं (दार उघड-बंद करायची लेथची कमांड) कोटेशन पण घ्या. आणि दोन चकांमधलं अंतर मोजा, यूआरचा रीच (हात पोचतो ते अंतर) १३०० मिमी, फानुकचा १४४१.

भोसरी_टर्निंग: टेप लावली. चक ते चक २७५० मिमी.

गेजवाला: मधोमध ठेवला तरी एका बाजूला १३७५. यूआर पोचतच नाही. फानुकला ६६ मिमी उरतात, पण दारातून आत वाकून जायचंय त्याला, हात पूर्ण ताणून नाही चालणार. एक लेथ थोडी सरकवता येईल का?

भोसरी_टर्निंग: फाउंडेशन आहे खाली. सप्लायरला उद्या शॉपवरच बोलावतो, शुक्रवारची ऑर्डर थांबवली.