दुकानात कॅमेरा उघडल्यावर पडद्यावर काय दिसावं?

धागाकर्ती: स्कॅनिंग अ‍ॅप्सचे पडदे डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. माझं ठाम मत आहे की कॅमेऱ्यानं एका वेळी एकच वस्तू ओळखावी. पडद्यात फळीभर तरंगणाऱ्या किमती, रेटिंगचे तारे, ऑफर्स नकोत. माणसाच्या एका हातात टोपली असते, दुसऱ्यात फोन. बारकोड वाचला गेला की फोन थरथरावा, माहिती पडद्याच्या खालच्या भागात अंगठ्याजवळ यावी, म्हणजे हात खाली घेऊन निवांत वाचता येतं. तरंगत्या पाट्यांसाठी हात उचलूनच धरावा लागतो, आणि तो जरा हलला की अक्षरंही हलतात.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. मला एका सुगंधी घटकाची अ‍ॅलर्जी आहे. साबण घेताना एकेक वेष्टण उलटं करून मुंगीएवढी अक्षरं वाचत बसते. समोरच्या बारा साबणांपैकी कुठले चालतील ते फळीवरच हिरव्या खुणेनं दिसलं तर केवढा त्रास वाचेल!

धागाकर्ती: पण ती हिरवी खूण कशाच्या भरवशावर द्यायची? एकाच साबणाच्या दोन प्रकारांत कधीकधी फक्त रंगाची पट्टी वेगळी असते. तेरा अंकी बारकोडमधला शेवटचा अंक पडताळणीचा असतो, एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर लगेच पकडला जातो. चित्रावरून ओळखताना तशी सोय नाही. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत अंदाजाला हिरवा रंग देणं मला धोक्याचं वाटतं.

प्रतिसाद २: मला फार कमी दिसतं. बारकोड १९७४ पासून गल्ल्यावर स्कॅन होतोय, पण तो वस्तूच्या कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळत नाही. बाटली फिरवत राहतो. अ‍ॅप म्हणतं, ‘कोड चौकटीत आणा’, आणि गप्प बसतं. ती चौकटच मला दिसत नाही! ‘थोडं लांब धरा’, ‘डावीकडे फिरवा’ असं त्यानं बोलायला हवं.

प्रतिसाद १: हे तर हवंच. माझ्यापुरतं म्हणाल, तर हिरवी खूण नको. ज्यांत तो घटक असेल असं वाटतं तेवढेच साबण फिके करा. उरलेले मी एकेक करून स्कॅन करेन. बारातले तीन उरले तरी पुष्कळ.

धागाकर्ती: हे मान्य. इथे चूक झाली तर एखादा चालणारा साबण हातचा जाईल, अंगावर पुरळ उठणार नाही. मात्र फळीचा फोटो टिपून चित्र तिथेच गोठवायचं, म्हणजे हात खाली घेता येईल. आणि बोलून दिशा सांगणं सेटिंग्जच्या पोटात लपवायचं नाही, कॅमेरा उघडताच पहिल्या पडद्यावर त्याचं बटण हवं.